वाळू द्या, मग बोला

मागच्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी एका पालकाने माझ्या गाडीकडे बघून विचारलं, "मॅडम, बंपर रंगवायला काढलाय का? प्रायमर मारून ठेवलाय वाटतं."

प्रायमर! अहो, काळा बंपर आहे तो. म्हणजे होता. माझी गाडी सगळ्यात खालच्या मॉडेलची, त्यामुळे तिच्या बंपरला रंग नाही, नुसतं काळं प्लास्टिक. पुढे बंपर, मागे बंपर, दारांवर पट्ट्या आणि चाकांवर कमानी. नाशिकच्या उन्हात चार-पाच वर्षं उभी राहिली की हे सगळं राखुंडीसारखं दिसायला लागतं. त्या गृहस्थांना मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. त्यांच्या चिरंजीवांचं बीजगणित कसं आहे ते ऐकवलं, एवढंच सांगते. पण वर्गात जाऊन बसले तरी राग उतरेना, आणि तो राग त्यांच्यावर नव्हताच मुळी. मला गांगुर्डे नानांची आठवण झाली होती.

नाना आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहायचे. मूळचे चांदवडकडचे. अंगाने काटकुळे, डोक्यावर चार केस, आणि अंगात कारखान्याचा निळा शर्ट. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तोच शर्ट. इंदूकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, म्हणायच्या, "लग्नातला कोट एवढा जपला नाही हो ह्यांनी."

मी इथे राहायला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, दारावरची बेल वाजली. बघते तर हे.

"खाली ती पांढरी गाडी तुमचीच का, ताई?"

"हो."

"तिला खोबरेल तुम्ही लावलं?"

मी चपापलेच. लावलं होतं. काळं प्लास्टिक पांढरं पडतंय म्हणून आईने फोनवर सांगितलं होतं, की थोडं खोबरेल चोळ, चकाकेल. तसं सांगितल्यावर नाना म्हणाले, "आईंनी केसांसाठी सांगितलं असंल. गाडीला केस हायेत का?"

मी गणिताची शिक्षिका. माझ्याशी असं बोलायची सवय कुणाला नाही. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या. उन्हात उभी केली तुम्ही. सावलीत घेतो."

आणि मी दिली की किल्ली! अनोळखी माणसाला! नवऱ्याने दिवसभर ऐकवलं मला त्यावरून.

खाली जाऊन बघते तर पिवळी बादली, तीत दात घासायचा मऊ ब्रश, जुन्या बनियनचे चौकोनी तुकडे, स्पंज, स्पिरिटची बाटली, एक काळी बाटली आणि चक्क शाळेतलं खोडरबर. तेलावर त्र्यंबक रोडची सगळी धूळ येऊन चिकटली होती. नानांनी आधी साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने ती काढली, प्लास्टिकच्या बारीक खड्ड्यांतूनसुद्धा. मग खोडरबर घेऊन बसले. गाडीला लावायचं पांढरं पॉलिश काळ्या भागावर गेलं की त्याचे पांढुरके डाग राहतात, ते खोडरबराने जातात. रोज खडू आणि खोडरबरात जगणारी बाई मी, मला हे माहीत नव्हतं. मग स्पिरिटचा हात, आणि सगळ्यात शेवटी काळ्या बाटलीतलं, ज्याला ते 'औषध' म्हणायचे.

औषध म्हणजे पक्का काळा रंग. पांढऱ्या पत्र्यावर सांडलं आणि लगेच पुसलं नाही तर मेलं. म्हणून लोक आधी कडेने कागदी चिकटपट्टी लावतात. नाना लावत नसत. "पट्टी भित्र्यांनी लावायची," म्हणायचे. स्पंजाचा कोपरा औषधात बुडवून त्यांनी जिथे काळं संपून पांढरं सुरू होतं, बरोब्बर तिथून हात ओढला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वीस वर्षं फळ्यावर रेघा ओढतेय मी, पट्टीशिवाय इतकी सरळ रेघ मला कधी आली नाही.

"अय्या! नवीच दिसतेय की!" मी म्हटलं.

नानांनी मान वर न करता सांगितलं, "वाळू द्या, मग बोला."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्याचं कारणही त्यांनीच समजावलं. पांढरं पडलेलं प्लास्टिक नुसत्या पाण्याने भिजवलं तरी काळं दिसतं. गाडी धुणारे तेवढ्यावरच गिऱ्हाईक फसवतात. गाडी ओली असेपर्यंत गिऱ्हाईक खूश, आणि घरी जाईपर्यंत परत भुरं. "ओलं असेस्तोवर सगळंच काळं, ताई. खरं काय ते वाळल्यावर कळतं." मग बादली पालथी घालून ते तिच्यावर अर्धा तास बसून राहिले. वाळल्यावर बंपरवर तळहात फिरवून बघितला, हाताला काही लागलं नाही, तेव्हा म्हणाले, "हां. आता बोला."

कौतुकाची एवढी शिस्त मी दुसऱ्या कुणात बघितली नाही. काकूंच्या आमटीचंही ते गरम असताना कौतुक करत नसत म्हणे.

हा नाद आला कुठून, तर कारखान्यातून. सातपूरला एका कारखान्यात गाड्यांचे बंपर व्हायचे आणि तिथे मोल्डिंग मशीनवर नानांनी तेहतीस वर्षं काढली. साच्यातून गरम बंपर बाहेर आला की कडेला राहिलेलं जास्तीचं प्लास्टिक धारदार पात्याने कापायचं, हे त्यांचं काम. एका ओढीत. हात थांबला की कडेला दात पडतो, आणि दात पडला की माल बाद. तो सरळ हात तिथला. नानांचं शिक्षण म्हणा, पदवी म्हणा, कमाई म्हणा, सगळं त्या उजव्या हातात होतं, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्या बंपरांच्या आतल्या बाजूला एक छोटा गोल ठसा असतो. त्यात बाण असतो आणि बाणावरून कुठल्या महिन्यातला, कुठल्या वर्षीचा माल ते कळतं. शेजारी कारखान्याची खूण. आपण जन्मात ती बघणार नाही, कारण त्यासाठी गाडीखाली आडवं व्हावं लागतं. नाना व्हायचे. पेट्रोलपंपावर, बाजारात, दवाखान्याबाहेर, कुठेही! चांदवडला भाच्याच्या लग्नात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेले आणि मंगल कार्यालयाच्या बाहेर एका जुन्या गाडीखाली शिरले. नुसते पाय बाहेर. मुलीकडच्या एका बाईंनी ते पाय बघून किंकाळी फोडली. वाजंत्री थांबली, मंडपातून माणसं धावली. कुणी म्हणालं पाणी आणा, कुणी म्हणालं ड्रायव्हरला धरा. मग खालून आवाज आला, "सापडला! माझाय! माझ्याच मशीनवरचाय!"

सदऱ्याला ग्रीस लागलं ते लागलंच. काकू चार दिवस बोलल्या नाहीत. मी नानांना चिडवलं, "एवढं काय त्यात बघायचं?" तर म्हणाले, "जन्मला तेव्हा मी बघितलाय त्याला, ताई. काजळासारखा होता. आता गावभर भुरा होऊन फिरतो, बघवत नाय."

तर असे नाना. दर रविवारी नऊ वाजता बादली घेऊन खाली. आळीपाळीने कुणाचीतरी गाडी. पैसे विचारले की अंगावर यायचे. चहा चालायचा. एकदा सर्व्हिस रोडवर एक गाडी धुणारा डिझेलचा बोळा बंपरवर फिरवताना दिसला, तर नाना स्कूटर आडवी लावून त्याला म्हणाले, "हेच तुझ्या तोंडाला लावून उन्हात उभा राहा दोन तास." पुढच्या रविवारी तोच माणूस बंपर कसा साफ करायचा ते विचारत आमच्या पार्किंगमध्ये हजर. नानांनी त्याला खोडरबर भेट दिलं.

मग तो हात हलायला लागला.

पहिल्यांदा मी बघितलं ते चहाच्या बशीत. कप किणकिण वाजत होता. नानांनी तो खाली ठेवला आणि म्हणाले, "गरम हाय." चहा कोमट होता. पुढच्या महिन्यात काकूंनी जिन्यात सांगितलं, कंपवात. गोळ्या सुरू झाल्यात, पण डॉक्टर म्हणाले हे कमी-जास्त होत राहणार, जाणार नाही. "ह्यांना सांगितलं तर म्हणाले, मशीनची पण मोटर हलते, माल कुठं बिघडतो."

माल बिघडला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी देवरे, सटाण्याकडचे, आवाज ढोलासारखा पण मन लोण्याचं. त्यांनी नुकतीच मोठी पांढरी गाडी घेतली होती, खालून सगळी काळ्या पट्ट्यांची. रविवारी नानांनी ती केली. संध्याकाळी देवरे माझ्या दारात. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस कुजबुजत होता.

"मॅडम, खाली या. कुणाला सांगू नका."

पांढऱ्या दारावर काळे ओघळ होते. रेघ कुठे वर, कुठे खाली, पहिलीतल्या मुलाने काढल्यासारखी. तो नानांचा हात होता हे मला खरंच वाटेना.

"पॉलिशवाल्याकडे नेली की निघेल," देवरे म्हणाले. "गाडीचं काही नाही हो. पण पुढच्या रविवारी? मी त्यास्ले काय सांगू माय!" भावना दाटून आल्या की देवरे अहिराणीत शिरायचे.

आम्ही आपले दोघं त्या दाराशी उभे. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही शिक्षिका. तुम्हाला चुका सांगायची सवय आहे. तुम्हीच सांगा."

खरं होतं. वीस वर्षं मी पोरांच्या वह्यांवर लाल गोल काढत आलेय, त्यात कधी हात अडला नाही. गेले मी पहिल्या मजल्यावर. मनात वाक्य तयार होतं. नानांनी दार उघडलं, म्हणाले, "या ताई, बरं झालं आलात. देवऱ्यांची गाडी बघितली का? लय दिवसांनी एवढं मोठं काम केलं. दमलो, पण मजा आली." काकू आतून शिरा घेऊन आल्या. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि ते बघणं असं होतं की माझं वाक्य गेलं ते गेलंच. शिरा खाल्ला, आणि उठताना मीच म्हणाले, "नाना, पुढच्या रविवारी माझी करा."

वर येऊन मी नवऱ्यावर ओरडले. त्याचा काही दोष नव्हता.

तेव्हापासून आमच्या सोसायटीत एक विचित्र पद्धत पडली. नाना काम करून वर गेले की ज्याची गाडी त्याने ओल्या फडक्याने गुपचूप ओघळ पुसायचे, औषध सुकायच्या आत. म्हणजे पंधरा मिनिटांत. आणि नाना पूर्वीसारखे अर्धा तास बसायला लागले तर? म्हणून कुणीतरी त्यांना चहाला वर न्यायचं. "मस्त झाली, नाना!" असं सगळ्यांनी म्हणायचं. नाना म्हणायचे, "वाळू द्या, मग बोला," आणि आम्ही त्यांना हाताला धरून चहाला न्यायचो, वाळायच्या आत. कारणं सांगून गाडी न द्यावी, तर ते नऊ वाजता बादली घेऊन पार्किंगमध्ये नुसते उभे राहायचे. आणि गाड्या समोरच. कोण नाही म्हणणार?

बरं, हात दिवसेंदिवस वाईटच होत चालला होता. एका रविवारी औषध काचेवर उडालं, एकदा शर्टावर सांडलं. देवऱ्यांनी तीन वेळा गाडी पॉलिशवाल्याकडे नेली. मी कंपवातावर वाचलं, शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने दुसरा डॉक्टर गाठला, त्यांनीही तेच सांगितलं आणि त्याच गोळ्या. आणखी काय करणार होते मी? काहीच करता येत नव्हतं, आणि त्याचा मला इतका संताप यायचा की वर्गात पोरं मला भ्यायला लागली.

मग ओघळ एकदम बंद झाले. म्हणजे पडायचे, पण नुसत्या पाण्याने निघून जायचे. बंपर मात्र वाळला की भुराच. मला वाटलं, औषध भेसळीचं मिळालं असेल. एक दिवस शाळेसाठी खडू घ्यायला स्टेशनरीच्या दुकानात गेले, तर पुढे इंदूकाकू. दुकानदार त्यांना विचारत होता, "काकू, परत काळ्याच का? बाकीचे रंग नकोत?" काकूंच्या हातात वॉटरकलरच्या चार ट्यूबा होत्या, चारही काळ्या.

मला बघून त्यांनी त्या पिशवीत टाकल्या. मग रस्त्यात बोलल्या.

"औषध ओतून दिलं मी मोरीत. पहाटे हे झोपेत असताना बाटलीत पाणी भरते आणि हे कालवते. शाळेचा रंग, पुसला की जातो. तुम्ही लोक किती दिवस पुसणार? आणि मी नको म्हटलं, तर ह्यांनी करायचं काय? तो हात मांडीवर घेऊन बसायचं?" त्या थांबल्या. "चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाला मी खोटं बोलले नाही हो. आता दर रविवारी बाटलीत भरते."

मी त्यांचा हात धरला आणि तसाच धरून घरापर्यंत आले.

असं वर्षभर चाललं. नाना रविवारी पाण्याने बंपर रंगवत होते आणि आम्ही सगळी शहाणी माणसं "मस्त झाली" म्हणत होतो. नाना आता क्वचितच गाडीखाली आडवे व्हायचे. पुढे त्यांना उठायला दोन माणसं लागायला लागली, तेव्हा पुण्याहून मुलगी आली आणि म्हणाली, आता पुरे, दोघं माझ्याकडे चला.

ते निघायचे त्या दिवशी सकाळी मी शाळेला जायला खाली उतरले तर नाना माझ्या गाडीशी. बादली पालथी, तिच्यावर बसलेले, आणि पुढच्या बंपरवर स्पंज फिरवत होते. रविवार नव्हता, बुधवार होता. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं होतं, तरी स्पंज थरथरत होता. मी जिन्यातच थांबले. पण त्यांनी बघितलं.

"या ताई. उशीर होतोय का? झालंच."

"राहू द्या, नाना. आज कशाला?"

त्यांनी वर गॅलरीकडे नजर टाकली. काकू तिथे नव्हत्या. मग हळूच म्हणाले, "एक सांगू? कुणाला बोलायचं नाय. ह्या बाटलीत पाणी हाय."

"तुम्हाला माहीत आहे?"

"तेहतीस वर्षं प्लास्टिकच्या वासात काढली, ताई. झाकण काढल्या काढल्या पहिल्याच दिवशी कळलं. वास शाळेच्या रंगपेटीचा."

"मग वर्षभर का..."

"ती पहाटे उठती. मी झोपलोय असं समजून अंधारात बाटली भरती. अंगावर सांडू नये म्हणून जुना टॉवेल बांधती कमरेला." नाना थोडं हसले. "एवढं करती बाई. तिला कशाला सांगू, कळलंय म्हणून? आणि तुम्ही. देवऱ्यांना दार पुसताना मी गॅलरीतनं बघितलं होतं, कधीचं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, एक नंबर काम, नाना. माणूस चांगलाय."

मला रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला नाही. मी चिडून म्हणाले, "अहो, मग सांगायचं ना! आम्ही सगळे मूर्खासारखे..."

"सांगून काय हात थांबला असता?"

नानांनी उठायला हात पुढे केला, मी तो धरला. मुठीत धरलेल्या पाखरासारखा तो माझ्या हातात धडधडत राहिला, आणि मी कितीही घट्ट धरला तरी थांबेना.

मी गाडीत बसले. तेवढ्यात काकू गॅलरीत आल्या. प्रवासाची नवी साडी, डोळे सुजलेले. त्यांनी खाली वाकून बंपरकडे बघितलं. ओला होता, काळाभोर दिसत होता.

"अगंबाई! मस्त झाली हो गाडी!" त्या वरून म्हणाल्या.

मी वाट बघत होते. आता म्हणतील, वाळू दे, मग बोल.

नानांनी मान वर केली. "हो गं," म्हणाले, "मस्त झाली."

तो बंपर वाळायच्या आत मी गाडी फाटकाबाहेर काढली.